नेटाचा मान

आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायला धोंडा मोठाच लागतो असं नाही. गुरुप्रसादचा धोंडा पांढऱ्या प्लास्टिकचा होता, हातात मावेल एवढा, वर दोन शिंगं असलेला. त्याला राउटर म्हणतात.

जयगडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या डाव्या अंगाला कातळाचा उघडा सडा आहे आणि सड्याखाली, व्हाळाच्या, ओढ्याच्या म्हणा, काठाने त्याची वाडी. सड्यावर उभं राहिलं तर मोबाइलला हवी तेवढी रेंज. दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरून वाडीत आलं की फोन नुसता वेळ बघायच्या कामाचा. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा गुरुप्रसाद नवी मुंबईहून त्यांच्या सेवेला इथे आला. बायको तेजस्वी तिकडे इस्पितळात नर्स होती. ती आणि लहानगी लेक मनस्वी तिकडेच राहिल्या. त्याची स्वतःची नोकरी एका सॉफ्टवेअर कंपनीत, गिऱ्हाइकांच्या अडचणी घरबसल्या सोडवायची. त्यासाठी नेट हवं, म्हणून त्याने केबलवाल्याची मनधरणी करून सड्यावरून वायर खाली आणवली. ती जेमतेम त्याच्या घरापर्यंत पोचली.

आता एका घरात नेट आलं आणि शेजाऱ्यांना कळलं नाही, अशी वाडी कोकणात अजून वसायची आहे. पहिली आली ती मधल्या दगडी गडग्यापलीकडची तुळसाकाकी. तिचा मुलगा प्रमोद डोंबिवलीला, घरात ती एकटी. नातवाचं तोंड बघायला ती फोन घेऊन गुरुप्रसादच्या पडवीत येऊन बसायची. मग तिच्या मागून बाकीचे आले. आत वडील कण्हतायत आणि बाहेर कुणाची तरी नात व्हिडिओवर नाचून दाखवतेय, पडवीच्या पायरीवर चपलांचा ढीग, असा सगळा थाट. कुणाला उठा म्हणायची गुरुप्रसादची छाती नव्हती. भिडस्त माणूस! म्हणून त्याने दुसरी वाट काढली.

राउटरच्या पोटात कंपनीने भरलेली एक अक्कल असते, तिला फर्मवेअर म्हणतात. कंपनीची अक्कल आखडत्या हाताची: हे घर, ह्या चार भिंती, बस्स. पण जगभरच्या हौशी माणसांनी मिळून लिहिलेलं दुसरं फर्मवेअर फुकट मिळतं. ते चढवलं की तोच राउटर शेजारच्या राउटरचा हात धरतो, तो त्याच्या शेजारच्याचा, आणि एका घरचं नेट पार शेवटच्या घरापर्यंत पोचतं. धोका एकच. जुनं पुसून नवं चढत असताना लाइट गेली, तर राउटरचा दगड होतो. गुरुप्रसादने रत्नागिरीच्या बाजारातून जुने राउटर गोळा केले, एकेक इन्व्हर्टरवर जोडून, श्वास रोखून, त्यांच्यात नवी अक्कल भरली आणि घराघरातल्या वाशांना ते टांगले. गणपतीच्या आधी सगळ्या वाडीत नेट खेळू लागलं. कंपनीच्या नियमात हे बसतं का, ते विचारायला कुणी गेलं नाही.

खोटं कशाला सांगा, त्याला ते फार आवडलं. शाळेत कबड्डीला ज्याला शेवटी घ्यायचे, तो हा गुरू. आता गावकर काशीरामतात्या, ज्यांच्या शब्दाबाहेर वाडीत पान हलत नाही, ते त्याच्या पाठीवर हात ठेवून पाव्हण्यांना सांगायचे, "ह्यो आमचा गुरू. ह्यानं आमाला मुंबय दाखवली." पोरगा आतून फुलून यायचा. मुंबईत त्याला सोसायटीचा वॉचमनदेखील ओळखत नव्हता.

पण फुकटची सोय आणि घरजावई, दोघांना एकदा सवय लागली की हलवता येत नाही.

आमच्याकडे आभाळ नुसतं गुरगुरलं तरी घरातले सगळे प्लग उपटतात. वीज पडून टीव्ही जळालेलं एक तरी घर प्रत्येकाने पाहिलेलं असतं, त्यामुळे ह्यात कुणाला हसण्यासारखं काही वाटत नाही. आधी टीव्ही, मग फ्रिज, आणि आता राउटर. आभाळ मोकळं झालं की कुणाला आठवण राहते, कुणी शेतावर असतं, कुणी राउटरच्या जागी मोबाइलचा चार्जर खोचून मोकळं होतं. हातात हात धरलेल्या रांगेतून मधलाच माणूस निघून गेला तर पुढच्यांचं काय होणार, तसं व्हायचं. मग गडग्यावरून हाक यायची, "गुरू, नेट नाय रं!" आणि गुरुप्रसाद ऑफिसचं काम टाकून, छत्री घेऊन, घरोघर फिरून प्लग लावत, राउटर जागे करत हिंडायचा. शिकवायचा प्रयत्न त्याने केला नाही असं नाही. पण शिकवायला बसला की जो तो हात मागे घ्यायचा, "नको रं बाबा, आमचा हात लागंल नि कायतरी मोडंल. ता तुजा काम."

वडील गेले. वर्षश्राद्ध झालं. आता गुरुप्रसादला इथे बांधून ठेवणारं काही उरलं नव्हतं, आणि तरी तो जात नव्हता. शिमगा होऊ दे, म्हणाला. आंबे उतरू देत, म्हणाला. मधल्या काळात मुंबईच्या मुलांनी आईबापांच्या घरात कॅमेरे बसवले होते, आणि कॅमेऱ्यात अंधार दिसला की फोन येत तो गुरुप्रसादला. "आई दिसत नाय रे, बघून ये जरा." तो जाऊन बघायचा. आई चुलीपाशी झोपलेली असायची.

वाडीने त्याला उपाशी मात्र ठेवलं नाही. देवाला सोडलेल्या कोंबड्याला दाणे घालावेत तशी माणसं त्याला जेवू घालायची. तुळसाकाकी कधी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, कधी सोलकढी, कधी फणसाची भाजी गडग्यावरून द्यायची. प्रेमानेच द्यायची, त्यात काही खोट नव्हती. खोट असती तर बरं झालं असतं; त्याला निदान कुणावर तरी रागावता आलं असतं.

मागच्या वर्षी मनस्वीच्या वाढदिवसाला तो नवी मुंबईला गेला. केक टेबलावर आला, मेणबत्त्या लावल्या, आणि प्रमोदचा डोंबिवलीहून फोन आला. गावाकडे गडगडून गेलंय, सगळ्या वाडीचं नेट बंद, आई दिसत नाही, तिला कालपासून ताप आहे. पलीकडे तो मोठा बाप्या रडकुंडीला आला होता. गुरुप्रसादने संध्याकाळची गाडी धरली. तुळसाकाकी बरी होती, ताप उतरला होता, तिने त्याला बघून चहा टाकला. मनस्वीने त्यानंतर बरेच दिवस फोनवर येऊन "पप्पा" म्हटलं नाही. आई सांगायची, "बोल गं," तर ती म्हणायची, "त्यांना काम असेल."

हे वाक्य त्याला लागलं. त्याच्या रोजच्या फिरण्यात, प्रत्येक घराच्या पडवीत, वाशाकडे हात वर केला की ते त्याला ऐकू यायचं. वाडीच्या पायवाटा त्याला आवडायच्या, आता त्याच पायवाटा त्याला दावं बांधलेल्या बैलाच्या फेऱ्या वाटू लागल्या.

ह्या मे महिन्यात तेजस्वीने फोन केला. आवाज चढवला नाही. तिचा आवाज चढला असता तर त्याने समजूत घातली असती, त्यात तो तरबेज झाला होता.

"मनूची शाळा जूनमध्ये सुरू होते," ती म्हणाली. "त्याआधी तुम्ही आलात तर आपण तिघं. नाही आलात तर आम्ही दोघी, कायमच्या. मी भांडत नाहीये. सांगतेय."

"येतो. ह्या वेळी नक्की," गुरुप्रसाद म्हणाला.

"मला नका सांगू. मला सांगून झालंय. वाडीला सांगा. सगळ्यांच्या समोर सांगा, आणि मी ते ऐकेन. मग मी खोली झाडून ठेवते."

फोन ठेवल्यावर गुरुप्रसादला खरोखर बळ आलं. त्याने बेत आखला. केबलवाल्याची वायर आता वाडीभर फिरू शकत होती, खांब आले होते. प्रत्येक घराने आपली लाइन घेतली आणि राउटरमध्ये कंपनीचं मूळ फर्मवेअर परत घातलं, की झालं: प्रत्येक राउटर आपापल्या घरापुरता, कुणी कुणाचा हात धरायला नको, कुणी गडगा ओलांडायला नको. बिघडलं तर सड्यावर जाऊन कंपनीला फोन करायचा. गुरुप्रसाद नावाच्या माणसाची गरज संपली. सुरुवात शेजारच्या तुळसाकाकीच्या घरापासून करावी, त्या बाजूला पुढे घर नसल्यामुळे दुसऱ्या कुणाचं नेट अडणार नाही, ते जमलं की सगळ्यांना दाखवता येईल, असा त्याचा साधा हिशेब.

दुपारी तो लॅपटॉप घेऊन तुळसाकाकीकडे गेला. तिला सगळं नीट समजावलं. ती प्रत्येक वाक्याला "हां, हां" म्हणाली, जसं आपण डॉक्टरला म्हणतो, आणि कोकम सरबत करायला आत गेली. त्याने राउटरचं मागचं बटण दाबून धरलं, वायर जोडली, कंपनीची फाइल सोडली. दिवे लुकलुकले. पट्टी पुढे सरकत गेली. आपण चढवलेली अक्कल आपल्याच हाताने पुसताना त्याला थोडं वाईट वाटलं, आणि पट्टी भरल्यावर इतकं हलकं वाटलं की त्याने सरबत दोनदा मागून घेतलं. केबलवाला सकाळी लाइन जोडायला येणार होता.

केबलवाला आला नाही. मे महिना, त्याच्या मेव्हण्याचं लग्न. फोनही उचलेना. पुसलेलं फर्मवेअर परत चढवून तुळसाकाकीला रांगेत घ्यावं, असं गुरुप्रसादच्या मनात आलं, पण मग केलेलं सगळं पाण्यात. आज नाही तर उद्या येईल केबलवाला, असं म्हणून तो थांबला. तिथेच त्याचं चुकलं.

कारण वाडीत सगळ्यांचं नेट चालू आणि एकट्या तुळसाकाकीचं बंद, हे वाडीने दुसऱ्या दिवशी पाहिलं. गुरूने स्वतः घरी येऊन, सरबत पिऊन, आपल्या हाताने ते बंद केलं, हेही पाहिलं. आणि तुळसाकाकीच्या घराला ह्याआधी एकदा असं झालं होतं. तिच्या सासऱ्याने बांधाच्या भांडणात गावकीचं ऐकलं नाही, तेव्हा गावकीने ते घर वाळीत टाकलं होतं. विस्तव द्यायचा नाही, विहिरीवर येऊ द्यायचं नाही, पोरांशी पोरांनी खेळायचं नाही. नवी नवरी तुळसा तेव्हा व्हाळाचं पाणी गाळून प्यायली होती. फर्मवेअर तिला कळणं शक्य नव्हतं. बाकी सगळ्यांना मिळतं ते आपल्याला मिळत नाही, ह्याचा अर्थ मात्र तिला बरोबर ठाऊक होता.

ती गडग्यापाशी आली, अलीकडे आली नाही. पदर तोंडाला लावून म्हणाली, "गुरू, माजा काय चुकला? माला वाळीत का टाकलास?"

गुरुप्रसादने गडगा ओलांडून तिचे हात धरले, शपथा घातल्या, तिथल्या तिथे लॅपटॉप आणून तिचा राउटर पुन्हा पहिल्यासारखा केला. प्रमोद स्क्रीनवर आला, आई दिसली, दोघं रडली. पण बोभाटा व्हायचा तो झाला होता. काशीरामतात्यांनी रविवारी सकाळी गावकी बोलावली.

गावकी देवळापुढे सहाणेवर बसते, शिमग्यात जिथे पालखी ठेवतात त्या चौथऱ्यावर. मुंबईच्या माणसांचंही मत हवं म्हणून मधोमध एक फोन उभा करून ठेवायचा आणि सगळ्यांनी त्यात डोकावायचं, अशी रीत आता पडलीय. देवळातला राउटर अर्थात गुरुप्रसादनेच बसवलेला. स्क्रीनवर एकेक चौकोन उघडत गेला. डोंबिवलीहून प्रमोद. दिव्याचं कुणी, विरारचं कुणी. आणि एका चौकोनात तेजस्वी, मांडीवर ओल्या केसांची मनस्वी. तिने वाडीला हात जोडले. ती कशासाठी आलीय, हे तिथे फक्त एकाला माहीत होतं.

"तुळसाचा नेट का तोडलास, ता सांग," तात्या म्हणाले.

गुरुप्रसाद उभा राहिला. "तोडला नाय, तात्या. कंपनीचा मूळ होता तसा केला. आता वायर सगळीकडं येते. ज्यानं त्यानं आपली लाइन घ्यावी. आपापला नेट."

"आपापला?" तात्यांनी तो शब्द तोंडात घोळवला. "उद्या देव आपापला, मसणवट आपापली. मग वाडी कश्याला हवी रं?"

"तात्या, माला जायचा हाय." निघाला एकदाचा शब्द तोंडातून. "तेजस्वीकडं. पोरीची शाळा सुरू व्हायच्या आत. कायमचा."

गुरुप्रसादने फोनकडे पाहिलं. तेजस्वी ताठ बसली होती, तिचे डोळे मोठे झाले होते, आणि तिने मनस्वीच्या कानात काहीतरी सांगितलं. त्याला वाटलं, सुटलो. अंगावरचं ओझं उतरावं तसं त्याला वाटलं, आणि त्याला हसू यायला लागलं.

कुणी रागावलं असतं, भांडलं असतं, तर तो सुटलाही असता. पण काशीरामतात्यांचे डोळे भरून आले. ते शेजारच्या म्हाताऱ्यांशी हळू आवाजात काही बोलले, सगळ्यांनी माना हलवल्या, आणि तात्या उठून उभे राहिले.

"चूक आमची हाय," ते म्हणाले. गावकीत माणूस "मी चाललो" म्हणतो तो एकाच कारणाने, मान मिळाला नाही म्हणून. दुसरं कारण ह्या माणसांनी जन्मात ऐकलं नव्हतं. "पोरानं रातीचा दिस केला. आमाला लेकरांची तोंडां दाखवली. आमी त्येला काय दिला? भाकरी! रुसंल नाय तर काय करंल? गुरवाला मान हाय, ढोलवाल्याला हाय, निशाण धरतो त्येला हाय. गुरूच्या घराला कायच नाय. आजपासून नेटाचा मान गुरूच्या घराकडं. पालखी सहाणेवर बसली की देवाच्या नारळामागचा नारळ त्येचा."

"तात्या, माजा रुसवा नाय," गुरुप्रसाद म्हणाला. "मान नको, माला खरंच…"

"मानाला नको म्हनू नये, बाला," तुळसाकाकी मागून म्हणाली. ती आनंदाने रडत होती. "घे."

कुणीतरी त्याच्या खांद्यावर शाल टाकली. कुणीतरी हातात नारळ दिला. मान घराला मिळतो, माणसाला नाही. एकदा आला की पोराकडे, नातवाकडे जातो, आणि मानकऱ्याने गाव सोडला तर देवाचा कोप वाडीवर. हे गुरुप्रसादला कुणी सांगायची गरज नव्हती. तो नारळ खाली ठेवायला जागा शोधत होता, पण समोर सगळे पाय होते, आणि पायापाशी नारळ ठेवत नाहीत.

तात्यांनी देवळाकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या वाडीच्या वतीने देवाशी बोलणं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला हुंकार भरायचा. तो हुंकार इथलं लेकरू "आई" म्हणायच्या आसपासच शिकतं. सगळे उभे राहिले, टोप्या सारख्या झाल्या, हात जुळले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यी तुजी लेकरां तुज्या पायाशी हुबी हायत."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या गुरूच्या घराकडं आमी नेटाचा मान दिलाव, तो तू मान्य कर. त्येच्यामागं त्येच्या पोराबालांनी तो चालवावा, असा कर."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या मनात जो रुसवा आला आसंल, तो धुऊन टाक. त्येची घरधनीन पोरीला घेऊन ह्या घराकडं येवं दे, हितं नांदू दे, नि ह्या वाडीतना कोन कवा तुटू नको दे."

"व्हय म्हाराजा!"

ह्या वेळचा आवाज मोठा होता. सगळ्यांनी मनापासून म्हटलं होतं. आणि त्या आवाजात, अगदी जवळून, आपल्याच गळ्यातून निघालेला आवाज गुरुप्रसादने ऐकला. त्याने तो काढला नव्हता. तो आपणहून आला होता, इतक्या वर्षांच्या सवयीने, मान खाली, डोळे मिटून, हात जोडून. त्याने डोळे उघडले. फोन त्याच्या समोरच होता, आणि फोनच्या समोर तो.

तेजस्वी त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा रागाचा नव्हता. इस्पितळात एखाद्या पेशंटच्या माणसांना बाहेर नेऊन सांगायचं असतं तेव्हा तिचा चेहरा असा होत असेल. मनस्वी मात्र खूश होती, तिने ऐकलेलं तोंडाने म्हणून बघितलं, "व्हय म्हाराजा," आणि हसली. मग चौकोन नाहीसा झाला.

"अगो बाई, गेली," तुळसाकाकी म्हणाली. "नेट गेला वाटता. गुरू, बग जरा."

डोंबिवलीचा चौकोन होता. दिव्याचा होता, विरारचा होता. देवळाच्या वाशाला टांगलेल्या राउटरचे सगळे दिवे हिरवे होते.

"बगतो, काकी," गुरुप्रसाद म्हणाला. शाल खांद्यावरून घसरत होती ती त्याने सारखी केली, नारळ काखेत धरला आणि तो प्लग बघायला देवळात गेला.